मार्गदर्शक पुस्तक वाचनालयात घेण्याआधी मी काय तपासते

वाचनालयाच्या पुस्तकखरेदीत कादंबऱ्या आणि चरित्रांवर भरपूर चर्चा होते. ‘कसं करावं’ सांगणारी पुस्तकं मात्र मुखपृष्ठ, किंमत आणि विक्रेत्याने दिलेली सवलत पाहून गठ्ठ्याने घेतली जातात. व्हायला हवं याच्या अगदी उलट. कादंबरी आवडली नाही तर वाचक ती पन्नासाव्या पानावर मिटून परत आणून देतो. फवारणीचं, प्रथमोपचाराचं किंवा घरातल्या वायरिंगचं पुस्तक चुकीचं निघालं तर ते झाडाला, माणसाला किंवा घराला भोवतं. म्हणून ग्रंथनिवडीचं काम करताना या पुस्तकांसाठी मी वेगळी पद्धत ठेवली आहे. एका पुस्तकाला वीसेक मिनिटं लागतात. शासनमान्य यादीत पुस्तक आहे एवढ्यावर मी थांबत नाही, कारण ते आपल्या वाचकाच्या कामाचं आहे का, हे यादी सांगत नाही.

सुरुवात श्रेयपानापासून. तिथे ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ नीट वाचायचं. पहिली आवृत्ती १९९४ आणि बारावं पुनर्मुद्रण २०२३ असं छापलेलं असेल तर हातात १९९४ चंच पुस्तक आहे, कागद तेवढा नवा. ‘सुधारित आवृत्ती’ लिहिलं असेल तर काय सुधारलं ते प्रस्तावनेत असायला हवं. नसेल तर मी एखादी अशी गोष्ट शोधते जी ठरावीक तारखेला बदलली आहे. महाराष्ट्राच्या माहितीपुस्तकात पालघर जिल्हा आहे का (तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला)? भारताच्या नकाशासंग्रहात २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत का? व्यापाऱ्यांसाठीच्या करपुस्तकात १ जुलै २०१७ पासूनचा जीएसटी आहे, की अजून व्हॅटचे तक्ते? राज्यसेवेच्या तयारीच्या पुस्तकात मुख्य परीक्षा वर्णनात्मक धरली आहे का? ती २०२५ पासून तशी झाली, आणि बहुपर्यायी प्रश्नांचे जुने ठोकळे अजूनही नव्या मुखपृष्ठांत विकले जातात. अशा दोन खुणा तपासल्या की पुस्तकाचं खरं वय कळतं.

पण वय हा प्रत्येक पुस्तकाचा दोष नसतो, आणि इथे सरसकट नियम लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडांनी निघाला. त्यातलं लेखन १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं, म्हणजे ‘नांव’, ‘पांच’ असं. तरीही बोलीतले शब्द, म्हणी आणि जुने अर्थ यांसाठी तो संदर्भ विभागात हवाच. शेजारी नव्या लेखनाचा एक कोश ठेवायचा, म्हणजे विद्यार्थ्याचा गोंधळ होत नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि शेवटचे खंड त्यानंतर जवळपास चार दशकांनी आलेले. एकाच रांगेत उभ्या असलेल्या या खंडांतल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नोंदींत केवढं तरी अंतर आहे. म्हणून आम्ही प्रत्येक खंडाच्या कण्यावर प्रकाशनवर्षाची चिठ्ठी लावतो. संदर्भग्रंथात मी आणखी एक पाहते: शब्दांचा क्रम कसा लावला आहे हे सुरुवातीला सांगितलं आहे का. क्ष आणि ज्ञ काही कोशांत क आणि ज यांच्या पोटात येतात, काहींत सगळ्यांत शेवटी. अनुस्वाराचे शब्दही कधी आधी, कधी नंतर. हे सांगितलं नसेल तर वाचक चुकीच्या जागी शोधतो आणि ‘यात हा शब्द नाही’ म्हणून कोश परत ठेवतो.

यानंतरचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. पुस्तक पहिल्या पानापासून चाळायचं नाही. एक प्रश्न घ्यायचा आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुस्तकात शोधायचं. प्रश्न असा निवडायचा, की ज्यात काम बिघडण्याची जागा आपल्याला आधीपासून माहीत आहे.

फळबागेच्या पुस्तकात माझा प्रश्न बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे बुरशीवर फवारायच्या घरी बनवता येणाऱ्या औषधाचा असतो. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, एवढं सगळीच पुस्तकं देतात. तेवढ्यावर फवारणी करणाऱ्याचं भागत नाही. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचे, भांडी प्लास्टिकची घ्यायची (लोखंड किंवा पत्रा मोरचुदाने खाल्ला जातो), दोन्ही द्रावणं गाळून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळायची, हे लिहिलं आहे का? मग तपासणी: घासून स्वच्छ केलेली लोखंडी सुरी किंवा खिळा मिश्रणात थोडा वेळ बुडवायचा. त्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं राहिलं आहे, म्हणजे चुन्याची निवळी आणखी घालायची आणि पुन्हा तपासायचं. ही पायरी गाळली तर पानं करपतात. चुना जुना, हवेने विरलेला असेल तर वजन बरोबर घेऊनही हे होतं, म्हणून ‘१ किलो’ हा आकडा एकटा पुरेसा नाही. शेवटी, मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. हे सगळं ज्या पुस्तकात आहे ते लिहिणाऱ्याने स्वतः फवारणी केली आहे किंवा करणाऱ्याशेजारी उभं राहून पाहिलं आहे, असं मी धरते. फक्त प्रमाण देणारं पुस्तक दुसऱ्या पुस्तकावरून उतरवलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

त्याच पुस्तकात मग कीटकनाशकांचं प्रकरण उघडायचं. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. फोरेट, ट्रायझोफॉस आणि डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. यातलं एकही नाव शिफारशीत दिसलं, तर बाकीचं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी मी ते घेत नाही.

आकडे वाचकाच्या हातातल्या मापात आहेत का, हे शेतीच्या पुस्तकात सहसा दुर्लक्षित राहतं. शिफारस ‘हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन)’ अशी असते. दुकानात नत्र मिळत नाही, युरियाची ४५ किलोची गोणी मिळते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे हेक्टरी सुमारे २१७ किलो युरिया, एकरी ८८ किलो, म्हणजे दोन गोण्यांना थोडं कमी. हा हिशेब पुस्तकाने करून द्यायचा असतो. तसंच औषधाचं प्रमाण १० लिटर पाण्याला दिलेलं असतं आणि पाठीवरचा पंप १५ किंवा १६ लिटरचा असतो. पंपाच्या मापाने तक्ता दिलेलं पुस्तक दिसलं की ते मी इतरांच्या आधी यादीत टाकते. आर, गुंठा आणि एकर यांची सांगड (४० गुंठे म्हणजे १ एकर) कुठेतरी एका पानावर असणंही गरजेचं आहे.

प्रथमोपचाराच्या पुस्तकात मी थेट सर्पदंशाचं पान काढते. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचा धोका खरा आहे, त्यामुळे हे पान नुसतं वाचलं जाणार नाही, वापरलं जाणार आहे. चिरा मारा, विष चोखून काढा, दोरीने घट्ट आवळा यांपैकी काहीही तिथे असेल तर पुस्तक बाजूला. चावलेला अवयव हलू न देणं, अंगठी-बांगड्या काढणं, रुग्णाला चालू न देता लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणं, हे हवं. दुसरं पान हृदय बंद पडल्यावरच्या छातीदाबाचं (सीपीआर). मोठ्या माणसासाठी ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. एकट्या मदतनिसासाठी १५ दाब आणि २ श्वास छापलेले असतील तर मजकूर २००५ च्या आधीचा आहे. भाजल्यावरच्या पानात बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावण्याचा चुकीचा सल्ला दिला आहे का, हेही त्याच वेळी दिसतं.

कायद्याच्या पुस्तकांत अर्ज कसा लिहावा हे नेहमी असतं. अर्जाला उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे बऱ्याचदा नसतं. माहिती अधिकाराच्या पुस्तकात म्हणूनच उत्तराची ३० दिवसांची मुदत संपल्यानंतरचं प्रकरण वाचते: पहिलं अपील कोणाकडे, किती मुदतीत (३० दिवस), दुसरं राज्य माहिती आयोगाकडे किती मुदतीत (९० दिवस), आणि अपिलाचा नमुना आहे का. ग्राहक तक्रारीच्या पुस्तकात १९८६ चा कायदा असेल तर ते बाद, कारण २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे.

पाककृतीच्या पुस्तकाला वेळ कमी लागतो. साहित्याच्या यादीतला प्रत्येक जिन्नस कृतीत येतो का, आणि कृतीतला प्रत्येक जिन्नस यादीत आहे का, हे तीन पाककृतींत बोट ठेवून जुळवायचं. वाटी किती मिलिलिटरची हे सुरुवातीला सांगितलेलं हवं. मग चकली. तेलात विरघळली तर मोहन जास्त, दगडासारखी झाली तर कमी, सोऱ्यातून तुटत पडली तर पीठ घट्ट, ही वाक्यं कृतीखाली असतील तर पुस्तक स्वयंपाकघरातून आलेलं आहे. शिवणाच्या पुस्तकात आकृतीत शिलाईचा दाब (शिवणीसाठी कडेला सोडायचं जादा कापड) धरला आहे की वेगळा सोडायचा, एवढं स्पष्ट असलं की पुरे. वायरिंगच्या पुस्तकात २००० वॉटचा गीझर पाहायचा: २३० व्होल्टला तो ९ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून ६ अँपिअरचा सॉकेट चालत नाही. हे कारणासह सांगितलं आहे का, आणि अर्थिंगला स्वतंत्र प्रकरण आहे का?

अनुवादित पुस्तकांना एक जादा चाळणी लावते. ‘शरदात गळलेली पानं गोळा करा’ किंवा ‘शेवटच्या हिमानंतर पेरा’ अशी वाक्यं तशीच राहिली असतील तर बागकामाचं ते पुस्तक कोकणातही चालत नाही आणि सोलापूरकडेही नाही. पाककृतींत फॅरनहाइट आणि कप तसेच ठेवलेले असतात. अनुवादकाने महिने, मापं आणि झाडांची नावं इथली केली असतील तर हरकत नाही.

आता शोधण्याची सोय. मराठी मार्गदर्शक पुस्तकांत पुढे अनुक्रमणिका असते, मागे सूची बहुधा नसते, आणि ही फार मोठी उणीव आहे. वाचक ‘लोहाची कमतरता’ शोधत येत नाही. तो ‘पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात’ म्हणत येतो. मिरचीवाला पानं आकसण्याच्या रोगाला ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हणतो. लक्षणावरून उत्तराकडे नेणारा तक्ता किंवा सूची असेल तर पुस्तक दुप्पट उपयोगी ठरतं. सूची असलीच तर तिच्यातले पाच शब्द घेऊन दिलेली पानं उघडायची. नव्या आवृत्तीत पानं सरकलेली आणि सूची जुनीच, असं फार वेळा आढळतं.

दोन पुस्तकांत निवड होत नसेल तर मी ती एखाद्या वाचकापुढे ठेवते, ज्याला विषय माहीत नाही पण गरज आहे. प्रश्न सांगायचा, पुस्तक द्यायचं आणि मध्ये बोलायचं नाही. तो आधी कुठे पाहतो, कुठल्या शब्दावर अडतो, उत्तर स्वतःच्या शब्दांत परत सांगू शकतो का, एवढंच टिपायचं. जाणकाराचा अभिप्राय मजकूर बरोबर आहे की नाही यासाठी घ्यावा. पुस्तक वापरता येतं की नाही हे मात्र नवखाच सांगतो.

बांधणी शेवटी पाहते, पण पाहतेच. काम करताना उघडं ठेवायचं पुस्तक टेबलावर सपाट राहायला हवं. शिवलेली बांधणी राहते. नुसत्या गोंदाची बांधणी दाबून उघडली की महिन्याभरात पानं सुटतात. तक्ता दोन पानांच्या मधल्या घडीत गेला असेल तर त्यातले आकडे वाचता येत नाहीत.

पुस्तक कपाटात गेल्यावर ते उपयोगी पडलं का, हे घरी नेल्याच्या तारखांवरून पूर्ण कळत नाही. संदर्भग्रंथ तर घरी जातच नाहीत. म्हणून वाचकांना सांगितलं आहे की वापरलेलं पुस्तक टेबलावरच ठेवा, आम्ही उचलू. संध्याकाळी उचलताना वहीत एक रेघ मारली जाते. वर्षअखेरीला खरेदीची यादी करताना या रेघा फार उपयोगी पडतात.

जुनं झालेलं पुस्तक काढायचं की ठेवायचं, हा निर्णय विषयावर अवलंबून आहे. भारतीय दंड संहितेचं पुस्तक मी काढलेलं नाही, कारण १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना तीच संहिता लागू होते. ते संदर्भ विभागात ठेवून आत चिठ्ठी लावली आहे: फसवणुकीचं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८, खुनाचं ३०२ आता १०३. प्रथमोपचार आणि कीटकनाशकांच्या जुन्या पुस्तकांना मात्र चिठ्ठी पुरत नाही. चिठ्ठी पहिल्या पानावर असते आणि वाचक मोबाइलवर फोटो काढतो तो एकशे बाराव्या पानाचा. अशी पुस्तकं समितीपुढे ठेवून निर्लेखित करून, म्हणजे संग्रहातून रीतसर काढून घेते, आणि त्या विषयाचं नवं पुस्तक त्याच खरेदीत मागवते.