मॅच सोडून सगळं

फुटबॉलवेड्या माणसाला बोलतं करायचं असेल तर त्याच्या आवडत्या संघाविषयी विचारू नये. तिथून भांडणच सुरू होतं. "स्टेडियममध्ये बसून पाहिलेली तुझी पहिली मॅच कुठली?" एवढं विचारावं आणि निवांत बसावं. मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारत आले आहे आणि दरवेळी तीच गंमत होते. कुणाबरोबर गेलो, कसे गेलो, पाऊस होता की ऊन, रांग किती लांब होती, शेजारचे काका रेफ्रीच्या कितव्या पिढीपर्यंत पोचले होते, हे सगळं साग्रसंगीत येतं. मग गडी जरा थांबतो आणि म्हणतो, "हां, आणि मॅच जिंकलो आपण. बहुतेक."

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला मॅच पाहता येतच नाही. टीव्हीवर कुठे बघायचं ते कॅमेरा ठरवतो. चेंडू जाईल तिकडे तो जातो आणि आपले डोळे त्याच्या मागे फरफटत जातात. स्टेडियममध्ये मात्र 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद मैदान एकदम अंगावर येतं आणि कुठे बघायचं ते कुणीच सांगत नाही. बावीस जणांतला एकच कुणीतरी चेंडूपाशी असतो. बाकीचे काय करतात हे घरी बसून कधी कळलेलंच नसतं. गोलकीपर एकटाच येरझाऱ्या घालतोय, दोन डिफेंडर हातवारे करून एकमेकांना जागा दाखवताहेत, पलीकडचा विंगर वाकून मोजा वर ओढतोय. नवखा प्रेक्षक नेमका त्या मोज्याकडे बघत असतो, तेवढ्यात सगळं स्टेडियम उठून उभं राहतं. गोल झालेला असतो. तो रिप्लेची वाट बघतो. मोठ्या पडद्यावर दाखवला तर नशीब.

माझ्या पहिल्या मॅचमधला एकही गोल मला आठवत नाही. आठवतो तो लाइन्समन. आमची जागा कडेच्या अगदी खालच्या रांगेत, त्यामुळे लांबचे खेळाडू एकमेकांत मिसळून गेलेले, आणि समोर मात्र हा माणूस, झेंडा घेऊन खेकड्यासारखा आडवा पळणारा. शेवटच्या डिफेंडरच्या रेषेत राहायचं म्हणून तो सतत मागे-पुढे सरकत होता आणि चेंडू लांब गेला की झेंड्याची मूठ हळूच चड्डीला पुसत होता. आमच्या मागच्या रांगेतला एक जण अख्खा हाफ त्याच्या दृष्टीविषयी आणि चष्म्याच्या नंबराविषयी शंका काढत होता. गड्याने एकदाही वळून पाहिलं नाही. हाफटाइमची शिट्टी झाली तेव्हा मात्र आत जाता जाता त्याने मागे बघून असं काही छान हसून घेतलं, की त्या दिवशी खरा कोण जिंकला याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

हिरवा रंग जवळजवळ प्रत्येकाच्या आठवणीत असतो. सिमेंटच्या अंधाऱ्या बोळातून, जिन्यावरून माणूस वर येतो आणि एकदम तो हिरवा तुकडा समोर उघडतो. इतका हिरवा की खोटाच वाटावा. यात थोडी कारागिरीही आहे. मॅचच्या आधी पाणी मारलेलं असतं, आणि गडद-फिके पट्टे दिसतात ते गवत कमी-जास्त कापल्यामुळे नव्हे. एका पट्ट्यात रोलरने ते आपल्याकडे झुकवलेलं असतं, शेजारच्या पट्ट्यात उलट दिशेला, त्यामुळे प्रकाश वेगळा परततो. समोरच्या स्टँडमध्ये बसलेल्याला तेच पट्टे नेमके उलटे दिसतात.

आवाजाची गंमत याहून मोठी. लांबच्या गोलपाशी कुणी चेंडू टोलवला की पाय हललेला दिसतो, चेंडू निघालेला दिसतो आणि मग 'धप्प' ऐकू येतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे शंभर मीटर अंतराला जवळपास पाव ते तृतीयांश सेकंद लागतो. टीव्हीवर हे जाणवत नाही, कारण माइक मैदानाच्या कडेलाच लावलेले असतात. समोरच्या स्टँडमधलं गाणंसुद्धा असंच किंचित मागून येतं. चाळीस हजार माणसं एकच गाणं कधीच एका तालात म्हणू शकत नाहीत त्यामागे भौतिकशास्त्र आहे. सूर लागत नाही तो मात्र आपापला.

हे सगळं अर्थात ज्यांना काही दिसलं त्यांचं. प्रेक्षक उभे राहून मॅच बघत त्या काळातल्या पहिल्या मॅचची आठवण म्हणजे बहुधा कोटांच्या पाठी. पोरांना खांद्यावर घ्यायचे, नाहीतर गर्दीच्या डोक्यावरून हातोहात पुढे पोचवायचे. आणि कधी कधी मोठ्यांनाही पाठींपलीकडे काही दिसत नसे. 28 एप्रिल 1923 ला लंडनच्या नव्याकोऱ्या वेम्बली स्टेडियमवर एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेची फायनल होती, बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम यांच्यात. अधिकृत आकडा 1,26,047 प्रेक्षकांचा. प्रत्यक्षात भिंतींवरून उड्या मारून किती आत आले त्याचा हिशेब कुणी ठेवलाच नाही. माणसं मैदानात ओसंडली. घोडेस्वार पोलिसांनी त्यांना ढकलत ढकलत रेषेपर्यंत नेलं. त्यांतला बिली नावाचा फिका घोडा फोटोत इतका उठून दिसला की ती फायनल पुढे पांढऱ्या घोड्याची फायनल म्हणूनच ओळखली गेली. खेळ पाऊण तास उशिरा सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनच्या डेव्हिड जॅकने गोल केला. तेव्हा वेस्ट हॅमचा एक खेळाडू, जॅक ट्रेसडर्न, थ्रो-इन टाकल्यावर गर्दीतच अडकून पडला होता. खेळाडूलाच मैदानात परत येता येत नाही, तिथे प्रेक्षकांचं काय! हाफटाइमला संघांना ड्रेसिंग रूमपर्यंत जाताही आलं नाही. बोल्टन 2-0 ने जिंकलं. त्या दिवशी आलेल्या कित्येकांना घोडा दिसला, चेंडू दिसला नाही. पण 'मी वेम्बलीची पहिली मॅच पाहिली' हे सांगण्यावाचून त्यांतला कुणी राहिला असेल असं मला वाटत नाही.

कोलकात्यात 29 जुलै 1911 ला मोहन बागानने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. मोहन बागानचे एक सोडून सगळे अनवाणी खेळले. मैदानाभोवती एवढी गर्दी, की मागच्यांना स्कोअर कळावा म्हणून पतंग उडवले गेले, असं सांगतात. आता विचार करा, आयुष्यातली पहिली मॅच आणि तीही मान वर करून, आभाळात बघून पाहिली! मला तर हा मॅच बघण्याचा सर्वांत देखणा प्रकार वाटतो.

पुढे वर्षं जातात आणि आठवणीत आपोआप डागडुजी होत राहते. जुन्या मॅचेसचे निकाल आता चुटकीसरशी सापडतात, त्यामुळे पंचाईतच जास्त झाली आहे. तीस वर्षं ज्याने 4-3 ची थरारक मॅच सांगितली, त्याला नोंद दाखवते 1-1. मग तो नोंदीवर संशय घेतो. यावर एक मानसशास्त्रज्ञ फार मजेशीर फसला होता. उल्रिक नाइसर हे स्मृतीच्या अभ्यासातलं मोठं नाव. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचं समालोचन ऐकत होतो, हे त्यांना लहानपणापासून लख्ख आठवत होतं. बेसबॉल डिसेंबरात खेळतच नाहीत, हे मोठेपणी केव्हातरी त्यांच्या ध्यानात आलं आणि 1982 साली त्यांनी ते लिहूनही टाकलं. नंतर दुसऱ्या दोन अभ्यासकांनी शोध घेतला, तर त्या दिवशी रेडिओवर अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलची मॅच चालू होती, जायंट्स विरुद्ध डॉजर्स. आणि ही दोन्ही नावं त्या काळच्या बेसबॉल संघांचीही होती! म्हणजे आठवण पुरती खोटी नव्हती, फक्त तिने खेळ बदलून घेतला होता. स्कोअर बदलणाऱ्या आपल्या काकांना माफ करायला एवढा दाखला पुरे.

0-0 ची गोष्ट मात्र वेगळी. पहिलीच मॅच गोलशून्य झाली असं सांगणारे थोडे, आणि जे सांगतात ते छाती पुढे काढून सांगतात, जणू उपास केला होता.

हरलेल्या पहिल्या मॅचचं तर मला कायम कुतूहल वाटतं. नवखा आत शिरतो तेव्हा कुणाच्याच बाजूचा नसतो. विसाव्या मिनिटाला तो 'आपण' म्हणायला लागतो आणि नव्वदाव्याला 'आपण' हरलेले असतात. आयुष्यभराची बांधिलकी दीड तासात, तीही तोट्याच्या सौद्यात. 16 जुलै 1950 ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलला विश्वविजेतं व्हायला उरुग्वेविरुद्ध नुसती बरोबरी पुरणार होती. 1,73,850 तिकिटं खपली होती, आत माणसं त्याहून जास्त. फ्रियासाने दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच गोल केला, मग शियाफिनोने बरोबरी केली आणि 79 व्या मिनिटाला घिग्याने दुसरा गोल मारून स्टेडियम गप्प केलं. पहिलीच मॅच बघायला आलेली पोरंही त्या गर्दीत असतीलच. त्यांतलं एकही फुटबॉल सोडून गेलं नसेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

पण पहिल्या मॅचचा विषय निघाला की मला हमखास आठवते ती तेहरानची 10 ऑक्टोबर 2019 ची संध्याकाळ. इराणमध्ये 1979 च्या इस्लामी क्रांतीनंतर बायकांना पुरुषांच्या मॅचना जायला मज्जाव होता. काही जणी दाढीमिशा लावून, टोपीत केस कोंबून आत शिरायच्या. सहर खोदायारी नावाची तरुणी अशीच पकडली गेली. तुरुंगवास होणार या धास्तीने तिने सप्टेंबर 2019 मध्ये कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि त्यात ती गेली. इस्तेगलाल या तिच्या संघाचा रंग निळा, म्हणून जग तिला निळी मुलगी म्हणू लागलं. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा दबाव वाढला आणि महिन्याभरात आझादी स्टेडियमवर कंबोडियाविरुद्धच्या मॅचसाठी बायकांना तिकिटं मिळाली, साधारण साडेतीन हजार. स्टेडियम अठ्ठ्याहत्तर हजारांचं, त्यातला त्यांना हा एवढा कोपरा.

आणि मॅच काय झाली? इराण 14, कंबोडिया 0. पात्रता फेरीतली अगदी एकतर्फी मॅच, जाणकार अर्ध्यातून चॅनल बदलतील अशी. अन्सारीफर्दचे चार गोल, आझमूनचे तीन. दहा-बारा वर्षांची पोरगी आणि पन्नाशीची बाई, दोघींची पहिली मॅच एकच, असंही तिथे घडलं असेल. इतरांना आपल्या पहिल्या मॅचचा स्कोअर शोधून काढावा लागतो. या साडेतीन हजार जणींना तो कुणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. गोल कुणी कितव्या मिनिटाला केले ते विचारू नये, कारण चौदांचा क्रम लावणं कंबोडियाच्या गोलकीपरलाही जमणार नाही.

लहान मुलाला पहिल्या मॅचला नेणाऱ्यांशी माझं एकाच बाबतीत भांडण आहे. गाडी गर्दीत अडकू नये म्हणून ते 85 व्या मिनिटाला उठतात. 26 मे 1999 ला बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची फायनल संपत आली होती, बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून 1-0 ने पुढे. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन करंडक द्यायचा म्हणून जागेवरून उठून आतून खाली निघाले. ते मैदानावर पोचेपर्यंत नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत मँचेस्टर युनायटेडच्या शेरिंगहॅमचा एक आणि सोल्शारचा एक असे दोन गोल झालेले. बाहेर येऊन बघतात तर जिंकलेले रडताहेत आणि हरलेले नाचताहेत! करंडक ज्यांच्या हस्ते द्यायचा त्यांचीच ही गत, तर पार्किंगकडे निघालेल्या बापाची काय कथा. त्याच्यामागे ओढत निघालेल्या पोराला मॅच पुढे आठवणार नाहीच. पण पाठीमागून स्टेडियमचा तो ओरडा आला तेव्हा गाडीच्या दाराला हात घातलेला बाप काय बोलला, ते मात्र पोरगं चाळीस वर्षांनीही शब्दशः सांगेल, चारचौघांत आणि बापाच्या समोर.