पावाला पैसे नाहीत

हाँगकाँगमध्ये मी पाट्या चालवते. कॅन्टोनीजमधलं, म्हणजे इथल्या चिनी बोलीतलं, संगीत नाटक चालू असताना बाजूच्या पडद्यावर इंग्रजी ओळी येतात, त्यांचं बटण माझ्या हाताखाली असतं. चिनी ओळीही दाखवतात, कारण गाण्यांतली भाषा जुन्या वळणाची. नुसती ऐकून ती इथल्या लोकांनाही सगळी लागत नाही. माझी कॅन्टोनीज मासळीबाजारापुरती. भाषांतर फाइलमध्ये तयार असतं, मी फक्त वेळ सांभाळायची.

त्या रविवारी नेमकी तीच सांभाळता येईना.

नाटक होतं 'ताय नोइ फा', तोंग तिक-सांग यांचं. १९५७ साली ली थिएटरात पहिला प्रयोग झाला आणि अजून हाँगकाँगला त्याचा कंटाळा आलेला नाही. १६४४ मध्ये चीनमधलं मिंग घराण्याचं राज्य बुडतं, राजकन्या चांगपिंग वाचते, लपून राहते, ठरलेला नवरा तिला पुन्हा भेटतो. नवा बादशहा त्यांचं लग्न लावून मिरवू पाहतो. ती अटी घालते: वडिलांचा अंत्यविधी रीतसर व्हावा, धाकट्या भावाला सोडावं. अटी पुऱ्या होतात आणि लग्नाच्याच रात्री दोघं झाडांखाली विष घेतात. पहिल्या प्रयोगात नवरा झाल्या होत्या याम किम-फाय आणि राजकन्या बाक सुट-सिन. दोघीही बायका. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसले, तिथे याम किम-फाय यांनी पुरुषाचा झगा चढवला आणि बायका त्यांच्यावर जीव टाकू लागल्या.

सकाळी तालीम होती. शेवटचं पद 'ह्योंग यिउ' सुरू झालं. मला अर्थ माहीत होता, हाच घोटाळा. प्याला दिसला की माझं बोट बटणावर. रंगमंचावर ती दोघं अजून शांतपणे गात होती आणि माझ्या पडद्यावर केव्हाच मेली होती. वादकांपैकी कोणीतरी हसलं. पुन्हा घेतलं, तर या खेपेला मी दोन ओळी मागे राहिले.

चहाच्या सुट्टीत तालवाद्यांचे प्रमुख माझ्यापाशी आले. सगळे त्यांना सिफू म्हणतात, म्हणजे गुरुजी. वय सत्तरीपुढे. या नाटकांत अख्खा ताफा त्यांच्या टिपरीच्या इशाऱ्यावर चालतो.

"तू अर्थाच्या मागे धावतेस," ते म्हणाले. "पाव मोज."

"काय मोजू, सिफू?"

मग त्यांनी त्याच चालीवर, तितक्याच दुःखी चेहऱ्यानं गायलं: खाली रस्त्यावर उतरलो, पावाला पैसे नाहीत, उधार मागितलं, तर नोकर देईना. हे विडंबन इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. मूळ ओळ आहे गळणाऱ्या फुलांनी आकाश भरल्याची, चंद्रप्रकाश झाकल्याची. तीही सात अक्षरांची, आणि 'पैसे नाहीत'पर्यंतची ही पण सात. पहिलं अक्षर तर दोन्हीकडे एकच, 'लोक': तिथे फुलं गळतात, इथे माणूस जिना उतरतो.

मी कागदावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून घेतल्या. कॅन्टोनीजमध्ये सहा सूर असतात; सूर बदलला की शब्दच बदलतो. त्या सातांपैकी पाच अक्षरांचे सूर तंतोतंत जुळत होते. म्हणजे पावाची ओळ रचणाऱ्या टवाळखोरालाही चालीनं मोकळं सोडलं नव्हतं. मग तोंग यांची काय गत झाली असेल! चाल त्यांची नव्हे, पिपा या तंतुवाद्याची जुनी धून. सूर वर गेला की वरच्याच सुराचा शब्द हवा, खाली आला की खालचा, आणि त्यातून मरणाला निघालेली राजकन्या बोलायला हवी.

आमच्या घरी संगीत नाटकांची जुनी पुस्तकं होती. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याची ओळ छापलेली असायची. लहानपणी मला ती लबाडी वाटे. मराठीत निदान अक्षर ओढता येतं, दाबता येतं. इथे सूर हलला तर फुलाचं भलतंच काही व्हायचं.

तोंग यांनी सुरुवात केली ती सीत कोक-सिन यांच्या मंडळीत संहितेच्या नकला उतरवण्यापासून. पुढच्या वीसेक वर्षांत चारशेंच्या वर नाटकं लिहिली. १४ सप्टेंबर १९५९ ला स्वतःच्याच नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला ली थिएटरात बसले असताना ते कोसळले आणि पहाटे गेले. वय ४२. अण्णासाहेब किर्लोस्करही बेचाळीसाव्या वर्षीच गेले, 'रामराज्यवियोग' अर्धं टाकून. ली थिएटर नव्वदीच्या सुरुवातीला पाडलं. तिथे आता दुकानांची उंच इमारत आहे. मी तिथे चपला घेते.

जेवणाच्या सुट्टीत मी फाइल उघडली. भाषांतरकारानं दोन-दोन ओळींचं मिळून एक लांब वाक्य केलं होतं. वाचायला सुंदर, पण क्रियापद पुढे ओढल्यामुळे दुसऱ्या ओळीतली गोष्ट पहिलीतच फुटायची. मी तिला फोन केला. ती आधी रागावली, मग म्हणाली, तोड. शेवटच्या पदाच्या पाट्या आम्ही ओळीगणिक तोडल्या. इंग्रजी जरा लंगडलं.

दुपारी नाट्यगृह भरलेलं. पद सुरू झालं तशी माझ्या पुढच्या रांगेतून बारीक गुणगुण येऊ लागली. आज्या होत्या, मांडीवर पिशव्या घेऊन बसलेल्या. एकीनं चष्मा काढून डोळे पुसले, पण ओठ चालूच. माझ्या पाट्यांकडे त्यांच्यातली एकही बघत नव्हती. आणि मी अंधारात, बटणावर बोट ठेवून, मनातल्या मनात रस्त्यावर उतरत होते, पावासाठी खिसे चाचपत होते, नोकराची मनधरणी करत होते. सातव्या अक्षराला बटण. पुन्हा खाली उतरायचं. पुन्हा बटण.

प्याला उचलला तेव्हा पडद्यावर फक्त प्यालाच होता. ती दोघं मेली ती रंगमंचावर आधी, पडद्यावर नंतर. मग मी कोरी पाटी टाकली.

सामान आवरून निघाले, तर सिफू मागच्या दारात सिगारेट ओढत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "मिळाला का पाव?"