‘कर्न-एक्झेक ३’ आणि न उमटलेली ओळ

२००८ साल. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी सिम्बियनवर, म्हणजे त्या काळच्या नोकिया फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, काम करत होतो. एका वितरकाच्या विक्री प्रतिनिधींसाठी ऑर्डर घेण्याचं ॲप दुसऱ्या टीमने अर्धवट लिहून सोडलं होतं, ते आमच्याकडे आलं. संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दिवसभर चालवलं तरी तक्रार नाही. नोकिया एन७३ वर मात्र जुनी ऑर्डर उघडली की ‘ॲप्लिकेशन बंद झाले’ अशा अर्थाची एक ओळ यायची आणि ॲप गायब. प्रतिनिधी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन न्यायला येणार होते.

एन७३ सारखे, सिम्बियनवरच्या एस६० प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीचे फोन ॲप कशामुळे बंद पडलं ते आपणहून सांगत नसत. त्यासाठी सी ड्राइव्हच्या ‘रिसोर्स’ फोल्डरमध्ये ‘एरआरडी’ नावाची रिकामी फाइल असावी लागे. फोल्डर सुरक्षित असल्यामुळे ती थेट कॉपी होत नसे, सिस फाइलमधून (सिम्बियनच्या इन्स्टॉल पॅकेजमधून) इन्स्टॉल करावी लागे. तेवढं केलं आणि पुढच्या खेपेला फोनने कारण दाखवलं: कर्न-एक्झेक ३.

एसडीकेच्या, म्हणजे ॲप बनवण्याच्या साधनसंचाच्या, मदतपुस्तिकेत पॅनिकची (ॲप अचानक बंद पडण्याच्या कारणांची) यादी होती. त्यात या आकड्याचा अर्थ न हाताळलेला अपवाद असा दिलेला. बहुतेक वेळा कारण असतं नल (रिकामा) किंवा चुकीचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. त्यामुळे आम्ही सगळे पॉइंटर तपासत बसलो. संध्याकाळ झाली, पण एकही संशयित सापडला नाही.

मग लॉग घालायचं ठरलं, म्हणजे ॲप कुठवर पोचलं याची नोंद फाइलमध्ये लिहायची. सिम्बियनचा फाइल लॉगर ‘सी:\लॉग्ज’ खाली तुमचा फोल्डर आधीच बनवलेला असेल तरच लिहितो, नाहीतर गुपचूप काहीच करत नाही. फोल्डर बनवला, ऑर्डर उघडणाऱ्या फंक्शनच्या आधी एक ओळ आणि आत अगदी पहिली म्हणून एक ओळ घातली. ॲप पुन्हा बंद पडल्यावर लॉगची फाइल उघडली तेव्हा शेजारची सहकारी म्हणाली, “अरे, आतली ओळ आलीच नाहीये. मग पॉइंटर वापरायची वेळ आलीच कुठे?”

तिथे दिशा बदलली. फंक्शनच्या माथ्यावर दोन हजार अक्षरांचे तीन टीबफ होते, म्हणजे स्टॅकवर जागा घेणारे मजकुराचे साठे. स्टॅक म्हणजे चालू फंक्शनच्या तात्पुरत्या माहितीसाठीची मेमरी. सिम्बियनमध्ये एक अक्षर दोन बाइटचं, म्हणजे तिघांचे मिळून बारा हजार बाइट. आणि ॲपच्या स्टॅकचा ठरलेला आकार ८ केबी! फंक्शनमध्ये शिरतानाच स्टॅक ओलांडला जात होता, म्हणून लॉगची ओळसुद्धा लिहिली जात नव्हती. एम्युलेटरला हे कळण्याची सोयच नाही, कारण तिथला स्टॅक विंडोजचा, आणि तो गरजेप्रमाणे वाढतो.

एमएमपी फाइलमध्ये (प्रोजेक्टच्या बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ‘एपॉकस्टॅकसाइझ’, म्हणजे स्टॅकचा आकार, वाढवून त्या रात्रीपुरतं भागलं असतं. मी ते नाकारलं. फंक्शनमधून फंक्शन बोलावत गेलं की तो वाढवलेला आकारही पुरेलच असं नाही. तिन्ही टीबफ काढून आरबफ वापरले, म्हणजे मजकूर हीपवर, मेमरीच्या मोठ्या मोकळ्या भागात, गेला, आणि प्रत्येक आरबफ क्लीनअप स्टॅकवर (नंतर मोकळ्या करायच्या गोष्टींच्या यादीत) ढकलला, जेणेकरून मधेच लीव्ह झाला, म्हणजे त्रुटीमुळे फंक्शन अर्ध्यात सुटलं, तरी मेमरी सुटेल. जीसीसीई या कंपायलरने पुन्हा बिल्ड केलं, ब्लूटूथने फोनवर पाठवलं. सर्वांत लांबलचक ऑर्डर उघडली. ती उघडी राहिली.

स्टॅकची ही मर्यादा एसडीकेच्या कागदपत्रांत होती, पण एमएमपीच्या शब्दांच्या यादीत, एका कोपऱ्यात. माझ्या मते ती ‘हॅलो वर्ल्ड’च्या नमुन्यातच, पहिल्या पानावर ठळक हवी होती. नवा माणूस एम्युलेटरवरच शिकायचा, आणि ही मर्यादा एम्युलेटरवर कधी दिसतच नसे.

सकाळी इन्स्टॉल करताना एका फोनने ॲपवर सही करणारं डिजिटल प्रमाणपत्र अजून वैध नाही म्हणून नकार दिला. त्या फोनमधली तारीख मागची होती. ती दुरुस्त केली आणि सगळे फोन वेळेत गेले.