सोनामुखीच्या पुडीत नक्की कोणतं पान?

सोनामुखी आपल्याकडे बहुतेकांच्या पोटात जाते ती चूर्णातून. पान म्हणून ती फार थोड्यांनी पाहिलेली असते. एम.फार्मला फार्माकॉग्नॉसी, म्हणजे वनस्पती वगैरेंपासून मिळणाऱ्या औषधांची ओळख, हा विषय घेतल्यावर माझ्या वाट्याला नेमका याच पानाचा प्रोजेक्ट आला. बाजारात मिळणारी सोनामुखी कोणत्या जातीची आहे आणि तिच्यात आणखी काय मिसळलंय, हे पानाच्या आतल्या रचनेवरून ठरवायचं. एचपीएलसीच्या, म्हणजे पानातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या मशीनच्या, वाटेला जायचंच नव्हतं, कारण त्या मशीनवर नंबर लागेपर्यंत आमची बॅच पास होऊन गेली असती. मायक्रोस्कोप, ब्लेड आणि क्लोरल हायड्रेट, एवढ्यावरच भागवायचं होतं.

आमच्या विषयात सोनामुखीचे दोन मुख्य प्रकार शिकवतात. एक अलेक्झांड्रियन, म्हणजे सुदान आणि इजिप्तकडची, पूर्वी अलेक्झांड्रिया बंदरातून युरोपात जाणारी. तिचं जुनं नाव कॅसिया अॅक्युटिफोलिया. दुसरी तिनेवेली, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली भागात शेतात लावली जाणारी कॅसिया अँगुस्टिफोलिया. जुन्या व्यापारात ‘बॉम्बे सेना’ (सेना हे सोनामुखीचं इंग्रजी नाव) असाही एक माल असायचा. तो पिकायचा अरबस्तानात, मुंबईमार्गे पुढे जायचा म्हणून नाव मुंबईचं. आता लागवड राजस्थानात आणि कच्छातही होते.

अख्खी पानं समोर असतील तर फार डोकं लावावं लागत नाही. तिनेवेलीची पर्णिका लांबट, भाल्यासारखी, कधी पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जाते. गठ्ठे दाबून बांधलेले असतात, त्यामुळे तिच्यावर आडव्या दाबाच्या रेघाही उमटलेल्या दिसतात. अलेक्झांड्रियन आखूड, मध्याशी जरा रुंद आणि बऱ्याचदा तुटलेली. दोन्हींच्या बुडाशी पानाच्या दोन बाजू समान नसतात. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की मग दुकानातल्या पोत्यात हात घालूनच कळायला लागतं. पण पूड झाली की लांबी, रुंदी, रेघा सगळं गेलं. उरतात फक्त पेशी.

नमुने आणले रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानांमधून, थोडा पाला आणि थोडी तयार पूड. एका दुकानदारांनी पुडीकडे बोट दाखवत सरळ सांगितलं, “ताई, पूड कशाला नेताय? पाला न्या, घरी वाटा. पुडीत काय असतं ते आम्हालाही माहीत नसतं.” इतका प्रामाणिक संदर्भ मला पुढे कुठल्याच पेपरात सापडला नाही. ताज्या तरवडाच्या फांद्या मी जेजुरीच्या रस्त्यालगतच्या माळावरून आणल्या आणि त्यांचं ऑथेंटिकेशन, म्हणजे ओळखीची खात्री, कोरेगाव रोडच्या बी.एस.आय. (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) केंद्रातून करून घेतलं. तरवड का, ते पुढे येईलच.

पहिलं काम टी.एस.चं, म्हणजे आडवा छेद. वाळलेली पर्णिका कोमट पाण्यात भिजवून बटाट्याच्या कापात धरायची आणि ब्लेडने चकत्या काढायच्या, असं बी.फार्मपासून करत आलेलो. लॅबमधल्या मामांनी बटाटा पाहूनच मान हलवली. “ताई, बटाट्याचा स्टार्च स्लाइडभर पसरतो. मग तो पानाचा की बटाट्याचा, सांगत बसाल. गाजर घ्या.” गाजराने खरंच फरक पडला. ब्लेड दर चार-पाच कापांनंतर बदलायचं, हेही त्यांचंच. नवीन ब्लेड पाण्यात बुडवून, हात स्वतःकडे ओढत, पानाला आरपार एकाच झटक्यात न्यायचं. करवतीसारखं पुढे-मागे केलं की पॅलिसेडच्या, म्हणजे सालीखाली उभ्या रांगेत असलेल्या लांबट, पेशी फाटतात. चांगला काप वाटीतल्या पाण्यात जवळजवळ दिसतच नाही. जो ठळक हिरवा दिसतो तो जाड असतो, तो टाकून द्यायचा.

सोनामुखीचा चांगला छेद पहिल्यांदा फोकसमध्ये आला तेव्हा मी बराच वेळ तो नुसता बघत बसले. बहुतेक पानांत पॅलिसेड पेशींची उभी रांग फक्त वरच्या बाजूला असते आणि खाली स्पंजी, मोकळी जाळी. सोनामुखीत ती रांग दोन्ही बाजूंना असते. वरच्या पेशी लांब, साधारण ६० मायक्रॉन. खालच्या आखूड, ३५ च्या आसपास आणि भिंती किंचित नागमोडी. मधल्या पट्टीत कॅल्शियम ऑक्झलेटचे काटेरी गोळे. मध्यशिरेच्या वाहिन्यांभोवती तंतूंचं आवरण आणि त्या तंतूंना लागून ओळीने बसलेले प्रिझमसारखे स्फटिक. पोलराइज्ड प्रकाशात ही ओळ अशी चमकते की पुडीतला शिरेचा बारकासा तुकडाही लपत नाही.

मात्र हे सगळं दोन्ही जातींत सारखंच. छेद तुम्हाला ‘ही सोनामुखी आहे’ इथपर्यंत आणतो. कोणती सोनामुखी, याचं उत्तर छेदात नाही. ते पानाच्या पृष्ठभागावर आहे आणि मोजल्याशिवाय मिळत नाही.

त्यासाठी पान पारदर्शक करावं लागतं. पर्णिकेचे चौकोनी तुकडे क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात परीक्षानळीत घालून मंद आचेवर उकळायचे. आच जरा वाढली की द्रावण नळीतून उसळून बाहेर येतं, म्हणून नळी सतत हलवत राहायची आणि तोंड कुणाच्याही दिशेने ठेवायचं नाही. हरितद्रव्य आणि स्टार्च निघून जातो, ऑक्झलेटचे स्फटिक मात्र तसेच राहतात. माउंट करताना ग्लिसरीनचा थेंब घालायला विसरायचं नाही, नाहीतर थोड्या वेळाने क्लोरल हायड्रेटचेच सुयांसारखे स्फटिक स्लाइडभर उगवतात.

आता मोजणी. पर्णरंध्रांची, म्हणजे स्टोमाटांची, दर चौरस मिलिमीटरला संख्या मोजणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं. तेच झाड उन्हात एक आकडा देतं, सावलीत दुसरा. पाणी कमी पडलं की तिसरा. १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी हर्बेरियममधली, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली, जुनी पानं मोजून दाखवलं होतं की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तशी रंध्रांची घनता दोनशे वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. इतक्या चंचल आकड्यावर जात कशी ठरवणार? ही अडचण जुनीच, म्हणून १९२७ सालीच सॅलिसबरी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्टोमॅटल इंडेक्स सुचवला. एकूण पेशींमध्ये रंध्रं शेकडा किती, एवढंच तो सांगतो. पान वाढताना पेशी ताणल्या तर रंध्रं एकमेकांपासून लांब जातात, पण त्यांचं प्रमाण फारसं हलत नाही.

माझ्या वहीतली एक नोंद सांगते. एका फील्डमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या गोलात, ८० एपिडर्मल (पानाच्या सालीच्या) पेशी आणि १८ रंध्रं. १८ भागिले ९८, गुणिले १००, म्हणजे १८.४. तिनेवेलीची ठरलेली मर्यादा १४ ते २०, अलेक्झांड्रियनची १० ते १५. कागदावर हिशोब अगदी सोपा. खरी मारामारी फील्डच्या कडेला होते. अर्धी आत, अर्धी बाहेर असलेली पेशी मोजायची की नाही? निम्म्याहून जास्त आत असेल तरच धरायची, हा नियम मी चिठ्ठीवर लिहून मायक्रोस्कोपला चिकटवून ठेवला. रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या सहायक पेशी रंध्रात नाही, एपिडर्मिसमध्ये धरायच्या. मधून मधून पानावरच्या गळून पडलेल्या केसांचे वण दिसतात, ते दमलेल्या डोळ्यांना हमखास रंध्रं वाटतात. दुपारी जेवणानंतर मोजणी करायची नाही, हा नियम मी माझ्यापुरता केला.

दुसरा आकडा शिरांच्या जाळीतल्या बेटांचा, व्हेन-आयलेट नंबर. कॅमेरा ल्युसिडाने, म्हणजे मायक्रोस्कोपमधलं चित्र कागदावर गिरवू देणाऱ्या जोडणीने, दोन मिलिमीटर बाजूचा चौकोन कागदावर आखायचा. तो मध्यशीर आणि कडा यांच्या बरोबर मध्ये हवा, कारण कडेला आणि शिरेजवळ बेटांचा आकार बदलतो. चौकोनाच्या दोन लगतच्या बाजूंनी कापलेली बेटं धरायची, उरलेल्या दोन बाजूंची सोडायची. चार चौरस मिलिमीटरमध्ये ८४ बेटं आली तर आकडा २१. तिनेवेली १९ ते २३ मध्ये बसते, अलेक्झांड्रियन २५ ते ३० मध्ये. इथे मर्यादा एकमेकींवर चढत नाहीत, म्हणून मला हा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. गोची एवढीच की त्याला पानाचा सलग तुकडा लागतो. बारीक पुडीत तो सापडतच नाही.

पॅलिसेड रेशो, म्हणजे एका एपिडर्मल पेशीखाली सरासरी किती पॅलिसेड पेशी येतात ते, पुडीतही मोजता येतं आणि म्हणून पुस्तकं त्याचं कौतुक करतात. पण या दोन जातींच्या मर्यादा इतक्या एकमेकींत घुसलेल्या आहेत की माझ्या कामाला त्याचा उपयोग शून्य. तरी तक्ता भरला, कारण परीक्षक तो मागणार हे ठाऊक होतं.

हे सगळं ताडून बघायला खात्रीची अलेक्झांड्रियन हवी होती आणि पुण्याच्या बाजारात ती कुणाकडेच नव्हती. कॉलेजच्या म्युझियममध्ये काचेची एक जुनी बरणी होती. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर शाईने ‘अलेक्झांड्रियन सेना’. कुणी आणली, कधी, कुठून, काही नोंद नाही. आमच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, “चिठ्ठी म्हणजे पुरावा नाही. आधी बरणीच सिद्ध कर.”

बरणीतल्या पानांचा इंडेक्स १२ च्या आसपास येत होता, बेटं २६-२७. केसही दाट. म्हणजे आकडे जुळत होते. पण ज्या आकड्यांवरून बरणी ओळखायची तेच आकडे मग बरणीवरून तपासायचे, हा गोल गोल फिरण्याचा प्रकार झाला असता. सुटका झाली ती बरणीच्या तळाशी. तिथे काही पानं वेगळीच होती, जाडसर, सुरकुतलेली, बुडाशी दोन्ही बाजू समान. क्लोरल हायड्रेटमध्ये उकळून पाहिली तर केस दोन-तीन पेशींचे निघाले. सोनामुखीचा केस कायम एकाच पेशीचा असतो, जाड भिंतीचा, अंगावर बारीक पुरळ आल्यासारखा. तळाशी होती ती अर्गेल, सोलेनोस्टेमा अर्गेल, रुईच्या कुळातली. इजिप्त-सुदानच्या वाळवंटी भागात ती उगवते आणि अलेक्झांड्रियन मालात तिची भेसळ जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. तिरुनेलवेलीच्या शेतात ती यायचं काहीच कारण नाही. बरणी खरी ठरली ती तिच्यातल्या भेसळीमुळे. मॅडमना स्लाइड दाखवली. त्यांनी फाइन फोकस दोनदा फिरवला आणि म्हणाल्या, “हं. घे संदर्भ म्हणून.”

आता तरवड. नवरात्रात घटाच्या माळेत ज्याची पिवळी फुलं आपण ओवतो, तेच झुडूप. सोनामुखीचं सख्खं भावंड म्हणावं इतकं जवळचं. फांदीवर असताना ओळखायला अडचण नाही. देठाशी कानासारखी मोठी उपपर्णं असतात आणि पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये एक ग्रंथी. पण वाळवून झोडपलेल्या पाल्यात सुट्ट्या पर्णिका तेवढ्या उरतात आणि त्या सोनामुखीच्या तुटक्या पानांत सहज खपून जातात. रेचक म्हणून मात्र तरवड सोनामुखीची बरोबरी करत नाही. जेजुरीच्या पानांचे छेद घेतले तर पॅलिसेड फक्त वरच्या बाजूला. खाली रांग नाहीच. केस लांबलचक. खात्रीसाठी पुडीवर ८० टक्के सल्फ्युरिक अॅसिडचा थेंब टाकला की तरवडाचे कण किरमिजी लाल होतात, सोनामुखीचे होत नाहीत.

दुकानांतून आणलेल्या पाल्यात मला तिनेवेलीशिवाय काही सापडलं नाही. पुडींमध्ये इंडेक्स तिनेवेलीच्याच मर्यादेत, पण काहींमध्ये अॅसिडखाली लाल ठिपके उठले आणि तिथेच लांब केसांचे तुकडेही मिळाले. दुकानदारांचं म्हणणं खोटं नव्हतं.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक वनस्पतीशास्त्राचे निघाले. पहिलाच प्रश्न: “कॅसिया आणि सेना या प्रजाती, म्हणजे जातींचे मोठे गट, वेगळ्या करून जमाना झाला. १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नेबी यांनी केल्या. तुमच्या या दोन्ही जाती आता सेना अलेक्झांड्रिना या एकाच नावाखाली येतात. मग तुम्ही वेगळं काय केलंत?”

याचं उत्तर मी आधीपासून मनात घोळवत होते, कारण काम करताना तोच प्रश्न मला छळत होता. मी सांगितलं, “सर, नाव एक झालं तरी पानातला फरक गेलेला नाही. शिरांची बेटं अजून वेगळीच मोजली जातात. सुदानचं पान आणि तिरुनेलवेलीचं पान मी वेगळं ओळखू शकते. त्यांना दोन जाती म्हणायचं की एकाच जातीचे दोन प्रकार, हे छेदावरून ठरत नाही.” ते म्हणाले, “मग शीर्षकात ‘दोन जाती’ का लिहिलंय?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. शीर्षकात ‘जाती’च्या जागी ‘व्यापारी प्रकार’ आलं, मार्क व्यवस्थित मिळाले आणि बाइंडिंगवाल्याने कव्हरवरच्या सोनेरी अक्षरांचे पैसे परत एकदा घेतले.