सभासद क्रमांक 412

खुनी कोण, हे मला तिसऱ्याच पानावर कळलं. छापलेलं नव्हतं. कुणीतरी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘खून माळ्याने केला आहे. वेळ घालवू नका.’ आमच्या वाचनालयातल्या रहस्यकथांवर असे शेरे असायचेच. पहिल्या पानावर ‘पुस्तकात खुणा करू नयेत’ असा जांभळा शिक्का, आणि त्याच्या खाली वेगवेगळ्या अक्षरांत ‘भिकार’, ‘बरं आहे’, ‘शेवट गुंडाळलाय’. पुस्तकाची शिफारस म्हणतात ती मी पहिल्यांदा पाहिली ती अशी. खून खरंच माळ्याने केला होता. ते पुस्तक मी तरीही शेवटपर्यंत वाचलं.

आता शिफारशींना तोटा नाही. दर आठवड्याला कुणीतरी ‘मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ पाठवतं. मी यादी उघडते आणि नकळत हिशेब मांडायला बसते. ही वाचली, ही वाचायची नाहीत, आणि ही वाचली आहेत असं आपण वीस वर्षं चारचौघांत सांगत आलोय. यादी बंद केली की फक्त अपराधी वाटतं, पुस्तक काही हाताला लागत नाही. अट्टल वाचणाऱ्याची अडचणच निराळी असते. ज्याच्या पानात रोज चारीठाव स्वयंपाक आहे, त्याला ‘वरणभात फार छान असतो हं’ सांगून काय उपयोग? त्याला एखादी न खाल्लेली चटणी हवी असते, आणि तिचं नाव त्याला स्वतःलाच माहीत नसतं.

मला ती चटणी एका नंबराने दिली.

आमच्या वाचनालयात तेव्हा प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खाकी खिसा चिकटवलेला असे. त्यात आखीव कार्ड. डावीकडे तारीख, उजवीकडे सभासद क्रमांक. पुस्तक नेलं की देवघेवीच्या टेबलावरचे काका कार्डावर तुमचा नंबर घालून ते लाकडी खोक्यात ठेवत. परत आणलं की कार्ड पुन्हा खिशात. पुस्तकं सगळी काळ्या रेक्झिनच्या बाइंडिंगमधली, कण्यावर पांढऱ्या रंगाने नाव. मुखपृष्ठ नाही, मागच्या पानावरची स्तुती नाही, लेखकाचा हनुवटीला हात लावलेला फोटोही नाही. कपाटापुढे उभं राहून काय निवडायचं? मग मागचं कार्ड बघायचं. कार्ड भरलेलं असेल तर पुस्तक लोकांना आवडलेलं. कोरं असेल तर एकतर वाईट, नाहीतर फारच चांगलं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी ‘रणांगण’ उचललं ते ते बारीक होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी टर्म पेपर होता आणि मी रात्री दीडपर्यंत त्या बोटीवर होते. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, आणि चक्रधर आणि हॅर्टा यांचं बंदराला लागेपर्यंतचं प्रेम. विश्राम बेडेकरांनी हे 1939 साली लिहिलं होतं आणि मला ते कुणीही सांगितलेलं नव्हतं, याचा मला रागच आला. आपल्याआधी हे कुणी वाचलंय म्हणून कार्ड पाहिलं. सहा वर्षांत तीनच नोंदी, आणि त्यांतल्या दोन एकाच नंबराच्या. 412.

पुढच्या महिन्यात विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ नेलं. कार्डावर 412. उद्धव शेळक्यांची ‘धग’ काढली, तिथेही 412. मग मात्र मला नाद लागला. आधी कार्ड बघायचं, 412 असेल तर पुस्तक घ्यायचं. या माणसाला सीमा नव्हती. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ त्याने वाचलेलं, आणि दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ही. व्यंकटेश माडगूळकरांची वानरांच्या टोळ्यांवरची ‘सत्तांतर’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. एवढी आवड एका डोक्यात मावते कशी! मी त्याची मूर्तीही तयार केली होती. पंचेचाळिशीचा, कोर्टात नोकरी, जाड भिंगाचा चष्मा, लग्न केलेलं नाही. थोडी प्रेमातच पडले होते म्हणा ना.

मग मी तारखाही जुळवू लागले. दोन पुस्तकांची वर्गणी भरणाऱ्याला एका वेळी दोन पुस्तकं मिळत, आणि 412 नेहमी दोनच नेई. कपाटापाशी उभं राहून मी कार्डं पडताळायची. एकदा सापडलं, ‘स्वामी’ आणि ‘कोसला’ एकाच तारखेला. रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 ची, नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 ची. एका वर्षाच्या अंतराने आलेल्या या दोन कादंबऱ्यांचे वाचक एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाहीत, असं आमच्या प्राध्यापकांचं मत. आणि हा माणूस दोन्ही एकाच पिशवीत घालून घरी घेऊन गेला! म्हणजे यात काहीतरी असणार. मीही दोन्ही एकदम नेली. सकाळी एक, रात्री एक.

आणि खरोखर काहीतरी होतं. ‘स्वामी’तले माधवराव पेशवे गेले तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा. म्हणजे हे दोघे जवळजवळ एकाच वयाचे पोरगे. एकाच्या डोक्यावर सोळाव्या वर्षी अख्खं राज्य येऊन पडलं आणि ते पेलतापेलता तो थेऊरला संपला. दुसऱ्याला बापाने पुण्यात शिकायला पाठवलं आणि काय पेलायचं हेच त्याला सापडलं नाही. एकेकटी वाचली असती तर एकीत इतिहास दिसला असता, दुसरीत तिरकस भाषा. शेजारी ठेवल्यावर दोन्हींत एक थकलेला तरुण दिसायला लागला. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मला ते चांगलंच लागलं.

तेव्हापासून जोडीने वाचायची सवय जडली. कुणी काय वाचू विचारलं तर मी एक पुस्तक सांगत नाही, दोन सांगते. ‘बनगरवाडी’ आणि मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ लागोपाठ वाचून पाहा. एकीत औंध संस्थानातला नवखा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा भरवायला निघालाय, दुसरीत आणीबाणीच्या वर्षातला नववीतला मुलगा बाकावरून मास्तरांकडे बघतोय. टेबलाच्या दोन बाजू. किंवा ‘माझा प्रवास’ आणि ‘रणांगण’. कर्ज फेडायला चार पैसे दक्षिणा मिळवावी म्हणून वरसईचा एक भिक्षुक उत्तरेला जातो आणि नेमका सत्तावनच्या बंडात, झाशीच्या वेढ्यात सापडतो. त्याला कुणाशीच लढायचं नव्हतं. ‘रणांगण’मधल्या बोटीवरच्यांनाही नव्हतं. गोडसेभटजींचं लिखाण 1907 साली छापून बाहेर आलं. त्यातली भूक, लूट आणि पायपीट आजही काल घडल्यासारखी वाटते, आणि मधूनच कुठल्या गावी जेवण कसं मिळालं याची त्यांची बारीक चौकशी वाचून हसू येतं.

सगळ्याच जोड्या जमतात असं नाही. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘धग’ मी मोठ्या उत्साहाने जोडीला घेतली होती. दोन्हींत नवऱ्याच्या लहरींवर आणि दुखण्यांवर संसार हेलकावे खाणाऱ्या बाया. पण लक्ष्मीबाई स्वतःच्या हालांवर अशा मोकळ्या हसतात, की त्यांच्यानंतर लगेच कौतिकची वऱ्हाडातली न संपणारी धग सहन होईना. ‘धग’ अर्ध्यावर ठेवली आणि दोन महिन्यांनी एकटीच वाचली. काही पुस्तकांना शेजार मानवत नाही.

पण 412 कडून मिळालेली खरी चीज वेगळीच आहे. ‘ऋतुचक्र’च्या कार्डावर त्याचा नंबर एकदा नव्हता, ओळीने होता. 6 एप्रिल 84. 3 जून 84. 9 ऑगस्ट. 1 नोव्हेंबर. मी कार्ड हातात धरून उभीच राहिले. हे पुस्तक चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यामहिन्याने लिहिलेलं आहे, पहिला लेख ‘वसंतहृदय चैत्र’. म्हणजे हा गृहस्थ तो तो महिना आला की पुस्तक नेत होता, तेवढं प्रकरण वाचत होता आणि परत करत होता! काय ही वाचनाची शिस्त, काय हा संयम! मी तर ते बसल्या बैठकीला संपवलं होतं, आणि चैत्र आणि कार्तिक माझ्या डोक्यात एकात एक मिसळून गेले होते.

त्या वर्षापासून मी ‘ऋतुचक्र’ महिन्याच्या महिन्याला वाचते. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून स्वतःची प्रत घेतली. पाडवा झाला की चैत्र काढायचा. वाचून झालं की गॅलरीत जायचं. कोपऱ्यावरचा पिंपळ आठ दिवसांपूर्वी खराट्यासारखा होता, त्याला तांबूस, तेलकट, लहान मुलाच्या तळव्यासारखी पानं फुटलेली असतात. दरवर्षीच फुटत असणार. मी वर बघत नव्हते, इतकंच. एखादा महिना चुकतो, आजारपण येतं, पाहुणे येतात. मग तो पुढच्या वर्षावर जातो. मागून वाचून भरपाई करायची नाही, एवढा नियम मात्र मी पाळते. भर मार्गशीर्षात आषाढ वाचण्यात काय अर्थ?

मध्ये बरीच वर्षं गेली. मी गावाबाहेर होते, परत आले तेव्हा वाचनालयात संगणक आला होता. पुस्तकांच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचा कोड, नोंद पडद्यावर. कुणी काय वाचलं ते आता यंत्राला माहीत, वाचकाला नाही. खाकी खिसे टरकावून काढल्याच्या खुणा मागच्या पुठ्ठ्यावर होत्या, आणि कार्डं गोणपाटात भरून रद्दीला निघाली होती. मी काकांना (ते आता पुरते पांढरे झाले होते) विचारलं, ‘रणांगण’चं कार्ड मिळेल का? त्यांनी गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला वेडी ठरवून म्हणाले, शोधा. पाऊण तास मी धुळीत बसले होते. मिळालं नाही. शेवटी लाज सोडून विचारलं, 412 नंबर कुणाचा होता हो?

“चारशे बारा? अहो, ते तर जाऊन झाली वीस वर्षं. नंबर चालू आहे. सून येते की दर शनिवारी.”

म्हणजे लग्न झालेलं होतं. असो.

शनिवारी मी साडेचारपासून ठाण मांडून बसले. सून म्हणजे माझ्याहून बऱ्याच मोठ्या बाई, पांढरी वेणी, कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. मी माझी कहाणी सांगितली तशा आधी घाबरल्या आणि मग इतक्या हसल्या की काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“अहो, एकटे मामंजी नव्हते ते. वर्गणी त्यांच्या नावाची. एक पुस्तक त्यांचं, एक माझं. ते हिटलर नि पेशवे आणायचे, मी माझं आणायची. ‘कोसला’ माझी. मामंजींनी चार पानं वाचून विचारलं होतं, ह्या मुलाला काही उद्योग नाही का म्हणून.”

म्हणजे पिशवी एक होती, डोकी दोन होती. माझ्या त्या अफाट आवडीच्या माणसाचे डोळ्यांदेखत एक सासरा आणि एक सून झाले. मी जोडीजोडीने जी वाचत आले, त्या जोड्या कुणी लावलेल्याच नव्हत्या.

“आणि ‘ऋतुचक्र’?” मी जरा कासावीस होऊनच विचारलं. “ते तुम्ही दर महिन्याला…”

“ते होय! हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असलं की मामंजी तेच उचलून आणायचे. रिकाम्या हाताने आले की सासूबाई म्हणायच्या, वर्गणी फुकट गेली.”

मी काहीच बोलले नाही. पंचवीसेक वर्षांचे चैत्र-वैशाख माझ्या डोळ्यांपुढून गेले.

“सासूबाईंना दिसायचं नाही, मोतीबिंदू,” त्या पिशवीतली कोथिंबीर सारखी करत म्हणाल्या, “म्हणून दुपारी मीच वाचून दाखवायची. जो महिना चालू असेल तेवढाच. मी एकदा पुढचा वाचायला गेले तर म्हणाल्या, आला नाही अजून, आत्ताच ऐकून काय करायचंय?”

काकांनी घड्याळाकडे पाहून दिवे मालवायला सुरुवात केली. बाई उठल्या, आणि उठता उठता म्हणाल्या, “तुम्ही एवढं वाचता, मला सांगा ना काहीतरी. हल्ली काय घ्यावं सुचतच नाही.”

सगळ्या जोड्या विसरले. एक नाव आठवेल तर शपथ. माझ्या पर्समध्ये नुकतंच घेतलेलं एक पुस्तक होतं, मी स्वतः अजून उघडलेलंही नव्हतं, तेच पुढे केलं. बाईंनी ते हातात घेतलं, आणि नाव न बघताच उलटं करून मागचा पुठ्ठा उघडला.