ठोका आहे, म्हणजे जिवंत

झेब्राफिश या इवल्याशा माशाच्या भ्रूणांवर रसायनं तपासायची 96 तासांची चाचणी मी पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत करते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या या 236 क्रमांकाच्या पद्धतीत भ्रूण मेला म्हणायला चारच खुणा चालतात: अंडं साकळून पांढरं होणं, सोमाइट (पाठीच्या कडेचे स्नायू-कण्याचे खंड) न बनणं, शेपूट बलकापासून सुटी न होणं आणि हृदयाचा ठोका नसणं. यातली एकही नसेल तर जिवंत. गेल्या पावसाळ्यातला एक नमुना अजून डोक्यातून जात नाही, तो या व्याख्येमुळेच.

बुरशीनाशक होतं, ट्रायझोल गटातलं. नाव सांगता येणार नाही, पण नाशिककडे द्राक्षावरच्या भुरीला, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीला, याच गटातलं हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल मारतात.

सकाळी दिवे लागले की मासे अंडी घालतात आणि आमची पळापळ सुरू होते. अंडी गाळायची, फलित तेवढी निवडायची आणि फलनानंतर 3 तासांच्या आत औषधाच्या पाण्याच्या प्लेटमध्ये मांडायची. 24 खळग्यांच्या प्लेटमध्ये 20 भ्रूण औषधात, 4 साध्या पाण्यात. निवडायला नजर लागते. पेशी जरा असमान विभागलेल्या दिसल्या की ते अंडं बाद. नवी मुलं घाईत सरसकट उचलतात आणि कंट्रोलमधली, म्हणजे साध्या पाण्यातली, मेली की इनक्युबेटरच्या नावाने खडे फोडतात.

पहिल्या दिवशी सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी मधल्या मात्रेची प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. हृदयाभोवतीची पिशवी पाण्याने टम्म फुगलेली. आतलं हृदय नीट वळलेलंच नाही, ताणलेल्या दोऱ्यासारखं सरळ, आणि तरी हलतंय. बलकाची पिशवी सुजलेली, कणा वाकलेला, खालचा जबडा मागे राहिलेला. टोचणीने हळूच स्पर्श केला तर पिल्लू पळण्याऐवजी जागीच गोल फिरलं. मी लिहिलं: ठोका आहे. म्हणजे जिवंत.

यात गूढ काही नाही. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने बनतं, त्याला ही औषधं अडवतात. त्याच घराण्यातले विकर प्राण्यांतही असतात. त्यांतला एक भ्रूणातलं जादा रेटिनॉइक आम्ल (अ जीवनसत्त्वापासून बनणारं, घडणीला दिशा देणारं रसायन) मोडून टाकतो. तो अडला की डोकं, जबडा, हृदय यांची घडण बिघडू शकते. माणसांच्या औषधांतलं फ्लुकोनॅझोल याच कुळातलं. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत ते रोज 400 ते 800 मिलिग्रॅम असं दीर्घकाळ घेतल्यास बाळात व्यंगं येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2011 साली दिला होता.

मला आणखी एक दिवस हवा होता. चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू वर येऊन हवा गिळतं, वाताशय (तरंगायला लागणारी हवेची पिशवी) भरतं आणि खऱ्या अर्थाने पोहायला लागतं. वाकड्या कण्याने ते वर येणार कसं? पण चाचणी बरोबर त्याआधी संपते. युरोपात स्वतःहून खायला लागलेल्या पिल्लाला प्रयोगातल्या प्राण्यांचा कायदा लागू होतो, त्याआधी नाही. त्यामुळे 96 तास सगळ्यांच्याच सोयीचे.

"मॅडम, प्रोटोकॉलवर स्पॉन्सरची सही झालीय. मधेच तास कसे वाढवणार?" सर म्हणाले. स्पॉन्सर म्हणजे चाचणी करून घेणारी कंपनी. नियमाने त्यांचं बरोबरच होतं. क्यूएवाल्यांचं, म्हणजे कामाचा दर्जा तपासणाऱ्यांचं, तर विचारूच नका. खोडलेल्या आकड्याशेजारी सही-तारीख नसली की त्यांना झोप येत नाही, वाकड्या कण्याला मात्र त्यांच्या चेकलिस्टमध्ये रकानाच नाही.

पिल्लं मारण्याच्या मात्रेला व्यंग आणणाऱ्या मात्रेने भागतात, त्याला टेराटोजेनिक इंडेक्स म्हणतात. तो मी माझ्यापुरता काढला. एकच्या बराच वर आला. म्हणजे मरण्याच्या पुष्कळ आधी घडण बिघडते. ओढ्यात किंवा शेततळ्यात असलं पिल्लू दुसऱ्या माशाच्या तोंडी जाईल, आणि मेलेले मासे तरंगताना कुणाला दिसणारही नाहीत. ढगाळ हवेत भुरी आली की फवारणारच, त्यात शेतकऱ्याला काय बोलायचं? डब्यावरच्या इशाऱ्यामागचा आकडा आम्हीच तर देतो.

अहवालात एलसी50, म्हणजे निम्मे भ्रूण मारणारी मात्रा, पहिल्या पानावर गेला, व्यंगं परिशिष्टात. फोटो मी भांडून घातले. स्पॉन्सरकडून एकच शंका आली, दशांशानंतर किती आकडे ठेवायचे याची. पुढच्या अभ्यासाच्या मसुद्यात व्यंगांचा ईसी50, म्हणजे निम्म्या भ्रूणांत व्यंग आणणारी मात्रा, मी पहिल्या पानावर टाकलाय. तो मसुदा अजून सरांच्या टेबलावर आहे.