तिसरी तार

रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळे आडवे झाले की माझा रियाज असतो, म्हणजे रियाज हा शब्द जरा जास्तच झाला, बेडरूमचं दार लावून मी अकूस्टिक, म्हणजे बिनविजेच्या गिटारवर ब्लूज, ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं संगीत, वाजवायच्या खटपटीत असतो. परवा तिसरी तार सातव्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या सातव्या घरात धरून, सूर चढावा म्हणून वर ढकलत होतो. व्हिडिओतला बाबा ती अशी आरामात उचलतो की मध्यमावरून थेट पंचम, आणि माझी मेली हलायलाच तयार नाही. त्याच्या हातात इलेक्ट्रिक होती. तिची तिसरी तार साधी, जाडीला इंचाच्या हजारांश भागात सोळाची वगैरे, आणि आपली चोवीसची, वर ब्रॉन्झ गुंडाळलेलं.

यावर सगळ्यांचा सल्ला एकच, इलेक्ट्रिक घे. का कोण जाणे, मला या सल्ल्याचा रागच येतो. अरे, ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ला टेक्सासात जी २९ गाणी रेकॉर्ड केली ती सगळी अकूस्टिकवर, आणि ३८ला सत्ताविसाव्या वर्षी गेलाही बिचारा. दुसरा ब्लूजवाला मडी वॉटर्सपण मिसिसिपीत होता तोवर अकूस्टिकच वाजवायचा, १९४३ला शिकागोला गेला आणि तिथल्या बारमधल्या कलकलाटात गिटार ऐकूच जाईना म्हणून मग इलेक्ट्रिककडे वळला. आमच्या बेडरूममधे कलकलाट नाहीये. उलट आहे तोच आवाज कमी कर म्हणणारे आहेत.

मधे मला शोध लागला की ही ब्लूजची पाच सुरांची मायनर पेंटाटोनिक म्हणजे आपला धानी रागच की! सा, कोमल ग, म, प, कोमल नि. मग काही दिवस भेटेल त्याला हे ऐकवत होतो. गाणं शिकलेल्या बहिणीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, धानी असा नसतो रे दादा. तेही बरोबरच आहे, सूर तेच पण ब्लूजमधला गंधार धड कोमल नाही आणि धड शुद्धही नाही. त्याच तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला कोमल ग मिळतो, तो किंचित वर ढकलायचा आणि शुद्धपर्यंत पोचायच्या आत सोडून द्यायचा. एवढं मात्र चोवीसच्या तारेवरही होतं. बोटाच्या टोकाला घट्टा पडतो, कणीक मळताना तो कळतो, पण होतं.

हा मधला गंधार लागला की मला आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळातले पेटीवाले काका दिसतात. गुरुवारच्या भजनाला मी मुद्दाम त्यांच्या मागे बसायचो, भाता उघडमीट करताना बघायला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गालात पान. बुवा आळवत आळवत दोन सुरांच्या मधे कुठेतरी जाऊन बसायचे आणि पेटीला तर मधे काही नसतंच. मग काका काळ्या पट्टीवरून बोट हळूच घसरवत शेजारच्या पांढरीवर आणायचे, क्षणभर दोन्ही वाजायच्या, एकमेकांत कालवल्यासारख्या. बुवा डोळे वटारायचे. पोरांना मात्र तेवढंच आवडायचं, घरी आल्यावर आम्ही तोंडाने तो आवाज काढायचो. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरणं, येत नाही वगैरे कारणांनी आकाशवाणीने १९४०पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदीच घातली होती, पण देवळात कोण विचारतंय. पुढे खूप वर्षांनी ब्लूजवाल्या पियानिस्टांना बघितलं तर तेच, काळीवरून बोट घसरलं की पांढरी! कुठले ते आणि कुठले आमचे काका. यावरून मला काहीतरी मोठं म्हणायचं होतं, आत्ता आठवत नाहीये, राहू दे.

रॉकचं काही विचारू नका. पॉवर कॉर्ड, म्हणजे दोनच सुरांची कॉर्ड धरून, तळहाताने तारा दाबून हाणली की इलेक्ट्रिक गुरगुरते, इथे नुसतं ठकठक. खालच्या काकूंनी एकदा वर येऊन विचारलं, फ्रेम लावताय का भिंतीवर?

खरी पंचाईत पाहुणे आल्यावर. "वाजव की काहीतरी" म्हटलं की मला येतं ते एकच, ई मधला बारा बारचा शफल, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचा झुलता ठेका, त्यात कॉर्ड तीनच. चार बार ई, दोन ए, परत दोन ई, मग बी सेव्हन, ए, ई आणि शेवटच्या बारला पुन्हा बी सेव्हन, की झालं, परत पहिल्यापासून. पाय आपोआप चालू होतो, मला तर त्यात जगाचा विसर पडतो. पाहुणे मान डोलावतात, पहिल्या फेरीला, दुसऱ्या फेरीला, मग बशीतला चिवडा संपतो. गेल्या दिवाळीत मावशी शेवटी न राहवून म्हणालीच, "छान आहे रे, पण गाणं कधी सुरू होणार?"

हे काय मावशी, आत्ता होईल, म्हणालो आणि बी सेव्हन धरली.